प्रश्न तुमचे: तेच फोटो रोज परत कॉपी का होतात?

प्रश्न: नमस्कार सर, राजारामपुरीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं काम रात्री लॅपटॉपवरून ३२ जीबीच्या पेन ड्राईव्हवर घेतो, त्यासाठी भावानं रोबोकॉपीची (विंडोजमधला फाईली कॉपी करणारा प्रोग्राम) बॅच फाईल, म्हणजे क्लिक केली की कमांड चालवणारी फाईल, करून दिलीय. कॅमेऱ्यातले मूळ फोटो एकदाच जातात, पण एडिट केलेले रोज परत परत कॉपी होतात, हात न लावता पण. दुकानदार म्हणतोय ड्राईव्ह खराब झालाय, नवीन घ्या. घेऊ का?

उत्तर: अजिबात घेऊ नका, ड्राईव्हला काही झालेलं नाहीय. मूळ फोटो एकदाच जातात आणि एडिट केलेले परत परत जातात हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, सगळी मेख तिथंच आहे.

एक एडिट केलेला फोटो घ्या, राईट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि मॉडिफाईडची वेळ बघा, मग पेन ड्राईव्हवरचा तोच फोटो बघा. लॅपटॉपवर ३७ सेकंद दिसत असतील तर ड्राईव्हवर ३८ दिसतील. तुमचा ड्राईव्ह बहुतेक फॅट३२ आहे (ड्राईव्हवर फाईली मांडून ठेवायची एक पद्धत) आणि त्यात फाईल बदलल्याची वेळ फक्त २-२ सेकंदाच्या टप्प्यात लिहिता येते, कारण वेळेला एकूण १६ बिट (० किंवा १ लिहायच्या जागा), त्यातले ५ तासाला, ६ मिनिटाला गेले की सेकंदाला उरतात ५, आणि ५ बिटात ३२ च आकडे बसतात, ६० कुठनं बसणार? लॅपटॉपवरची तशीच पद्धत, एनटीएफएस, मात्र १०० नॅनोसेकंदापर्यंत वेळ ठेवते. रोबोकॉपी दोन्हीकडची वेळ आणि साईज ताडून बघते, वेळ जुळत नाही म्हटल्यावर फाईल बदलली असं धरते आणि परत कॉपी करते, रोज.

मग मूळ फोटो का जुळतात? कॅमेऱ्याचं ३२ जीबीपर्यंतचं कार्डसुद्धा फॅट३२ च असतं, म्हणजे त्यांची वेळ लॅपटॉपवर येतानाच २ सेकंदाच्या मापात आलेली असते.

उपाय एका शब्दाचा आहे, बॅच फाईलमधल्या कमांडच्या शेवटी स्पेस देऊन स्लॅश एफएफटी (/FFT) लावा, भावाला सांगितलं की लगेच कळेल. त्यानं २ सेकंदापर्यंतचा फरक सोडून दिला जातो.

एवढं मात्र ध्यानात ठेवा, की त्या २ सेकंदाच्या आत फाईल बदलली आणि साईजही तीच राहिली तर तो बदल सुटणार. अल्बमच्या कामात असं होणं अवघड, पण प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हे खरंच छळतं. लिनक्सच्या एक्स्ट३ या फाईली ठेवायच्या जुन्या पद्धतीत वेळ पूर्ण सेकंदातच असायची, त्यामुळं बिल्ड (कोडपासून प्रोग्राम बनवणं) झाल्या झाल्या त्याच सेकंदात कोड बदलला की बिल्ड करणाऱ्या मेक या प्रोग्रामला वाटायचं सगळं ताजंच आहे, आणि माणूस तासभर नसलेला बग शोधत बसायचा. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटनं हे ओळखून, वेळेवर भरवसा ठेवता येत नाही तिथं फाईल आतून वाचायची सोय केलीय, आणि मला ती पद्धत मनापासून पटते.

आणि हो, लग्नाचे व्हिडिओ ४ जीबीच्या वरचे असतील तर ते फॅट३२ वर बसणारच नाहीत, त्यांना एनटीएफएसची वेगळी हार्ड डिस्क ठेवा.