सोसायटीतल्या २०-२५ मुलांकडून कागदी विमानं करून घ्यायची आहेत, पण ती नाकावरच आपटतात. काय करावं?

आधी हॉलमधले पंखे बंद करा. निम्मी विमानं तिथेच सुधारतात.

कागद साधा झेरॉक्सचा, ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) ए-४ घ्या. एका कागदाचं वजन जेमतेम ५ ग्रॅम भरतं. वर्तमानपत्राचा कागद लुळा पडतो, कार्डशीटच्या घड्या नीट बसत नाहीत. घडी नखाने किंवा पट्टीने दाबून घ्यायला सांगा, दोन्ही पंख अगदी सारखे हवेत.

खरी गंमत त्यानंतर आहे. विमान नाकावर आपटत असेल तर पंखांच्या मागच्या कडा किंचित, दोन-तीन मिलिमीटरच, वर वळवा. उलट ते वर चढून, थबकून खाली पडत असेल तर शेपूट हलकी करता येत नाही, म्हणून नाकाला एक यू-पिन लावा. डावीकडे वळतंय? खालच्या उभ्या भागाची मागची कड जराशी उजवीकडे वळवा. समोरून पाहिलं तर पंख उथळ 'व्ही'सारखे दिसले पाहिजेत, सपाट किंवा लोंबलेले नकोत. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते मुलांना कळतच नाही.

आणि जोरात फेकू देऊ नका! विमान हलक्या हाताने, समोर सरळ सोडायचं. दांडगी मुलं हे ऐकत नाहीत, म्हणून मी अंतराऐवजी हवेत राहण्याच्या सेकंदांची स्पर्धा लावते. जपानच्या ताकुओ तोदा यांनी २०१० साली २९.२ सेकंद गाठले होते. आपल्याकडे पाच झाले तरी टाळ्या.