नोकरी सोडून पूर्णवेळ रेस? आधी वहीतला ‘गेले’चा रकाना भरा

प्रश्न : वय 34. चाकणला क्वालिटी विभागात नोकरी, हातात 42 हजार येतात. घराचा हप्ता 17 हजार, मुलगी चार वर्षांची. गेल्या पुणे सीझनमध्ये घोड्यांच्या रेसवर पैसे लावून 1 लाख 80 हजार जिंकलो. 6 लाखांची एफडी मोडून पूर्णवेळ हेच करावं असं वाटतं. पत्नीला अजून सांगितलेलं नाही.

उत्तर : तुम्ही पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो मी दोनदा पाहिला. जिंकलेल्या रेसपुढे घोडा, जॉकी, भाव, रक्कम, सगळं हिरव्या शाईत. हरलेल्या रेसपुढे नुसतं ‘गेले’. किती गेले, ते कुठेच नाही. म्हणजे 1 लाख 80 हजार ही कमाई नाही, ती नुसती जमेची बाजू झाली.

तुम्हाला घोडा कळतो, हे मी मानते. सुप्रीम कोर्टानेही 1996 साली घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. पण कौशल्य असलं तरी कर सुटत नाही. समजा, महिन्यात 10 हजारांच्या 20 बेट लावल्या. दोनास एक भावाने (लावलेल्या 1 रुपयावर 2 रुपये नफा) आठ लागल्या : 1 लाख 60 हजार आले. बारा हरल्या : 1 लाख 20 हजार गेले. उरले 40 हजार, जवळपास तुमच्या पगाराइतके. इतकं अचूक महिनोन्‌महिने कुणाला जमत असेल, तर तो खरोखर जाणकार.

आता कर. रेसच्या जिंकलेल्या पैशावर सरसकट 30 टक्के आणि वर 4 टक्के उपकर. हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत, करमुक्त उत्पन्नाची मर्यादाही लागू नाही. 1 लाख 60 हजारांवर 49,920. इथेच तुम्ही 9,920 रुपयांनी खड्ड्यात. शिवाय 22 सप्टेंबर 2025पासून बेटच्या पूर्ण रकमेवर 40 टक्के जीएसटी आहे, मग घोडा लागो वा न लागो. 2 लाखांवर 80 हजार. एका उत्तम महिन्याचा तोटा 89,920.

‘रेसकोर्सबाहेरच्या बुकीकडे कर नाही’ असं तुम्ही लिहिलंय. तो मार्ग बेकायदा आहे, आणि त्याने पैसे बुडवले तर वसुलीसाठी कोर्टात जाता येत नाही. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाची गावची जमीन याच वाटेने गेली. तुमच्या बाबतीत मला तीच धास्ती वाटते.

टोटवर, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटले जातात तिथे, मोठी रक्कम लावली, तर तुमच्याच पैशाने त्या घोड्याचा डिव्हिडंड, म्हणजे जिंकल्यावर मिळणारा भाव, खाली येतो. आणि पुणे-मुंबईचा सीझन बारमाही नसतो. हप्ता मात्र मे-जूनमध्येही कापला जातो. नोकरीबरोबर पीएफमध्ये दरमहा पडणारा कंपनीचा वाटा, पुढे वाढणारी ग्रॅच्युइटी आणि घरच्यांचा कंपनीने काढलेला मेडिक्लेमही जाईल. मुलगी चार वर्षांची असताना हे सोडू नका.

नोकरी ठेवा. रेससाठी एफडी मोडू नका. त्यातले सहा महिन्यांच्या खर्चाचे पैसे पत्नीसोबत जॉइंट खात्यात वेगळे ठेवा. रेसला जायचंच असेल, तर महिन्याला 2 हजार रोख, एटीएम कार्ड घरी. हरलेलं भरून काढायला बेट वाढवावीशी वाटत असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर फोन करा. तो सरकारी आणि मोफत आहे.

या रविवारी पत्नीसोबत बसून बँकेच्या स्टेटमेंटवरून प्रत्येक ‘गेले’पुढे आकडा लिहा आणि ती वही मला पुन्हा पाठवा.