मिस्साविधी (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) बदलण्यात फादर युंगमान यांचा खरंच किती हात होता?

हात मोठाच होता, पण पडद्यामागून. योझेफ युंगमान हे ऑस्ट्रियातले जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचे) फादर, इन्सब्रुकला शिकवायचे. नाझींनी तिथली थिऑलॉजी फॅकल्टी बंद केली, आणि त्या युद्धाच्या वर्षांत ह्या माणसाने बसून रोमन मिस्साचा पूर्ण इतिहास लिहून काढला, 'मिस्सारुम सोलेम्निया', १९४८ साली आला. त्यातून लोकांना कळलं की मिस्सा काही आभाळातून जशीच्या तशी पडलेली नाही, शतकानुशतकं त्यात भर पडत गेली, काही गळून गेलं.

एक उदाहरण सांगतो, मला हे फार आवडतं. जुन्या मिस्सात अर्पणाआधी, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाहण्याआधी, फादर "ओरेमुस" म्हणजे "आपण प्रार्थना करू या" म्हणायचे, आणि पुढे लोकांची प्रार्थनाच नाही! अभ्यासकांनी त्यात श्रद्धावंतांच्या हरवलेल्या प्रार्थनेची, म्हणजे लोकांच्या विनवण्यांची, खूण पाहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) १९६३ च्या उपासनेवरच्या दस्तऐवजात (बाजूने २१४७, विरोधात फक्त ४ मतं) तीच प्रार्थना परत आणायला सांगितली. युंगमान त्या दस्तऐवजाच्या तयारीच्या कमिशनवर होते, परिषदेत तज्ज्ञ म्हणूनही होते.

पण परिषदेनंतर आलेली नवी मिस्सा त्यांनी एकट्याने लिहिली असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे, पुढचं काम मोठ्या समितीचं, तिचे सेक्रेटरी फादर बुन्यिनी होते. आज वसईत मराठीतून मिस्सा होते आणि लोक स्वतः विनवण्या वाचतात ना, ते ऐकताना मला तरी ते जुनं अर्धवट "ओरेमुस" आठवतं.