बेडकाच्या कातडीतलं औषध आणि सराफ्यातला गराडू

प्रश्न : ताई, नमस्कार. वय 67, इंदूरला रामबागेत राहतो. थंडी पडली की रात्री सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गराडू (तळलेला कंद) खायला गेल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि जाऊन आलो की दोन दिवसांत घसा धरतो, मग पंधरा दिवस खोकला. घरचे मलाच बोलतात. आता भाच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय की बेडकाच्या कातडीतून फ्लूचं औषध सापडलं, आणि ते आपल्याच देशातल्या बेडकात. इकडे एका दुकानात 'पेप्टाइड'च्या कॅप्सूल पण आल्यात, डबी 1,400 रुपयांची. घेऊ का?

उत्तर : काका, घेऊ नका. त्या 1,400 मध्ये अख्ख्या घराला किती वेळा गराडू होईल बघा.

पण भाच्याचा मेसेज अगदीच थाप नाहीये हां, म्हणून जरा नीट सांगते. 2017 साली अमेरिकेतलं एमरी विद्यापीठ आणि तिरुवनंतपुरमचं राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्र यांनी मिळून हे काम छापलं होतं. बेडकाचं शास्त्रीय नाव हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा, हा आपल्या सह्याद्रीत पण असतो. बेडकाची कातडी कायम ओली, डबक्यात बसलेली, तरी ती सडत नाही कारण त्या चिकट पाण्यात छोटी छोटी प्रथिनं असतात, म्हणजे पेप्टाइड, ती जंतूंना मारतात. तर त्यातली 32 तपासली, 4 फ्लूच्या व्हायरसवर चालली. पण चालली म्हणजे झालं असं नसतं ना, कारण जे व्हायरसला फोडतं ते तुमच्या-आमच्या रक्तपेशी पण फोडू शकतं. मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवायचे तेव्हा पोरांना हे दाखवायचे, नळीत पातळ केलेलं रक्त घ्यायचं, ते गढूळ असतं, मागे वर्तमानपत्र धरलं तर अक्षर दिसत नाही, आणि पेशी फोडणारी वस्तू टाकली की काही मिनिटांत ते लाल सरबतासारखं आरपार होतं, मागचं हेडिंग सरळ वाचता येतं. नळीत बघायला छान वाटतं, शरीरात झालं तर संपलंच. या परीक्षेत सुखरूप सुटलं ते एक पेप्टाइड, त्याचं नाव ठेवलं उरुमिन, केरळातल्या उरुमी नावाच्या लवचिक तलवारीवरून, आपल्या दांडपट्ट्याची बहीणच समजा. ते फ्लूच्या व्हायरसवरच्या एच1 नावाच्या काट्याच्या देठाला धरतं आणि व्हायरस फुटतो. उंदरांच्या नाकात दिलं तर बरेच उंदीर वाचले.

आता पुढचं ऐका. हे फक्त एच1 जातीच्या फ्लूवर, 2009 चा स्वाइन फ्लू होता तसल्या. एच3एन2 या फ्लूच्या दुसऱ्या जातीवर नाही चाललं, आणि तो पण दर थंडीत फिरत असतो. शिवाय हे सगळं उंदरांवर. बेडकाच्या पेप्टाइडचं फ्लूसाठी माणसाला द्यायचं औषध अजून बाजारात आलेलंच नाही, मग दुकानात काय आलंय ते तुम्हीच ओळखा.

आणि कॅप्सूल तर मुळातच चुकीची जागा. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा तुकडा, पोटात गेला की डाळीतल्या प्रथिनासारखाच पचतो. तुमच्या ओळखीत कुणी ना कुणी इन्सुलिन घेत असेलच, ते गोळीत का नाही, सुई का टोचावी लागते, त्याचं कारण हेच. म्हणून संशोधक नाकाच्या स्प्रेकडे किंवा वाफेसारखं फुफ्फुसात ओढायच्या औषधाकडे बघतात, पण नाकात पण प्रथिनं कापणारे एन्झाइम बसलेलेच असतात, दारातच कात्री चालते. मग कोणी पेप्टाइड आरशातल्यासारखं उलटं बनवतं, कोणी टोकं जोडून कडं करतं, म्हणजे कात्री लागू नये. काम चालू आहे, खर्चिक आहे, वेळ लागेल.

गंमत अशी की असलं हत्यार तुमच्याजवळ आहेच. आपल्या श्वासनळीच्या अस्तरात आणि पांढऱ्या पेशींत एल-एल-37 नावाचं पेप्टाइड बनतं, 37 अमिनो आम्लांची माळ, पहिले दोन मणी ल्युसिन या अमिनो आम्लाचे, त्याची खूण एल, म्हणून हे नाव. लॅबमध्ये ते फ्लूवर आणि लहान मुलांना छळणाऱ्या आरएसव्ही या श्वसनाच्या व्हायरसवर चालतं. पण हे जास्त झालेलं पण चांगलं नाही, सोरायसिसच्या चट्ट्यांत ते भरमसाठ सापडतं, म्हणजे आपल्याच कातडीला चिडवतं. 'इम्युनिटी वाढवा' म्हणणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला पाहिजे.

व्हिटॅमिन डी ने एल-एल-37 चं जीन चालू होतं हे खरं आहे, त्यावरून लोक सगळ्या सर्दीवर डी घ्या म्हणतात. 2017 मध्ये बऱ्याच ट्रायल्स एकत्र केल्या तेव्हा थोडा फायदा दिसला होता, पुढच्या मोठ्या ट्रायल्स त्यात मिळवल्या तर तो जवळपास विरला. तपासणीत डी कमी निघालं तर डॉक्टर देतील ते घ्या, हाडांसाठी तरी होईल.

गराडूवर राग काढू नका, दोष गर्दीचा आहे, शंभर माणसं खांद्याला खांदा लावून शिंकत असतात. फ्लूची लस दर वर्षी थंडीआधी घ्या, तुमच्या वयाला ती हवीच. आणि ताप, अंगदुखी जोरात आली तर 48 तासांच्या आत डॉक्टर गाठा, फ्लूचं औषध लवकर दिलं तर जास्त उपयोगी पडतं. आणि पंधरा-पंधरा दिवस दर वेळी खोकला म्हणजे एकदा छाती पण तपासून घ्या.

प्रश्न : आमच्या गवळ्याकडून चीक मिळतो. चीकात लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन असतं, ते व्हायरस मारतं असं वाचलं. मग नातवाला खरवस दिला तर सर्दी होणार नाही ना?

उत्तर : खरवस द्या, पण लाडानं द्या, औषध म्हणून नको. लॅक्टोफेरिन चीकात भरपूर असतं आणि लॅबमध्ये ते व्हायरसला पेशीला चिकटू देत नाही हे बरोबर. पण आपण करतो काय, गूळ-वेलची घालून कुकरमध्ये वाफवतो, आणि तो जो मस्त थरथरता घट्ट होतो ना, तो प्रथिनांची घडी उष्णतेनं मोडते म्हणूनच. उरलेलं पोटात पचतं. पचताना लॅक्टोफेरिनमधून लॅक्टोफेरिसिन नावाचा जंतूमारा तुकडा सुटतो खरा, पण तो आतड्यात राहतो, नाकापर्यंत काही येत नाही. कच्चा चीक मात्र चुकूनही देऊ नका बरं का.

प्रश्न : मी बीएससी मायक्रोला आहे, भंवरकुआंजवळ रूम घेऊन राहतो. पेप्टाइडला व्हायरस रेझिस्टंट होत नाही, म्हणजे बदलून औषधाला दाद न देणारा होत नाही, असं सर म्हणाले. खरं का?

उत्तर : अर्धं खरं. फ्लू आणि कोरोनाचं बाहेरचं चरबीचं आवरण व्हायरस स्वतः बनवत नाही, आपल्याच पेशीचं पांघरूण ओढून बाहेर पडतो, त्यामुळे जे पेप्टाइड आवरण फाडतं त्याच्यापासून सुटायला त्याच्या जीनमध्ये एखादा बदल सहसा पुरत नाही. पण उरुमिनसारखं एखाद्या प्रथिनाला धरणारं असेल तर ते प्रथिन बदलू शकतंच की. एचआयव्हीवरचं औषध एन्फ्युव्हर्टाइड बघ, ते काही निसर्गातलं जंतूमारं पेप्टाइड नाही, पण पेप्टाइडच, 36 अमिनो आम्लं, 2003 मध्ये वापरात आलं, दिवसातून दोनदा इंजेक्शन, आणि त्याला रेझिस्टन्स आला. सरांना विचार, कुठलं पेप्टाइड म्हणताय?