चौदा हजारांचे दिवे की तीनशेचे?

दादरच्या एका ताईंचा प्रश्न: सासऱ्यांनी कधीकाळी घाऊक आणलेल्या खोक्यातले पिवळे बल्ब घरात अजून चालू आहेत, एकूण आठ. महिन्याला 318 युनिट पडतात. वायरमन म्हणतो, सगळे काढून स्मार्ट एलईडी बसवू, 14,000 रुपये. त्यासाठी एफडी मोडावी का? घरच्यांच्या मते चालू बल्ब काढणं ही उधळपट्टी.

ताई, एफडीला हात लावू नका. पण बल्ब बदला, आणि याच आठवड्यात. आठही नव्हे, फक्त तीन.

बल्ब मोजण्याऐवजी तो किती तास जळतो ते मोजा. हॉल, स्वयंपाकघर आणि मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावरचा, असे तुमचे तीन 60 वॅटचे बल्ब रोज पाचेक तास चालतात. एकेक महिन्याला 9 युनिट खातो. तेवढाच उजेड देणारा 9 वॅटचा एलईडी दीड युनिटही घेत नाही. तिघांचे मिळून 23 युनिट वाचतात. आता बेस्टच्या वीजबिलावरचे दराचे टप्पे पाहा. वाचलेलं युनिट नेहमी वरच्या, म्हणजे महाग टप्प्यातून कमी होतं. तुम्ही 318 वरून 295 वर याल, 300 च्या वरचा टप्पा सुटेलच. हिशेबापुरता युनिटला 10 रुपये दर धरला, तर वर्षाला 2,750 रुपयांच्या आसपास वाचतील. खर्च? शंभराचा एक, असे तीनशे. दीड महिन्याच्या आत वसूल. इतका परतावा मी आजवर कुठल्याच फंडात पाहिलेला नाही.

उरलेले पाच (संडास, बाथरूम, माळा, पॅसेज, बाल्कनी) 40 वॅटचे आहेत आणि रोज अर्धा तासही लागत नाहीत. पाचही बदलले तरी वर्षाला तीनशेच रुपये वाचतात. म्हणजे वायरमनच्या पॅकेजमधले उरलेले 13,700 रुपये वर्षाला तीनशे कमावणार, सव्वादोन टक्के! एफडी याहून बरी. शिवाय स्मार्ट बल्ब बंद असतानाही फोनच्या हुकमाची वाट पाहत साधारण अर्धा वॅट खातो. माळ्यावरच्या दिव्याची निम्म्याहून जास्त बचत त्यातच जाते.

सासऱ्यांचं मात्र चुकलं नव्हतं. 2014 मध्ये सरकारलासुद्धा एक एलईडी घाऊक खरेदीत 310 रुपयांना पडत होता. 2016 पर्यंत तोच 38 वर आला. भाव बदलला म्हणून निर्णय बदलायचा, एवढंच.

दुकानात वॅटवर जाऊ नका, खोक्यावर 800 च्या आसपास ल्युमेन (उजेडाचं माप) आहेत का ते बघा. पिवळा उजेड आवडत असेल तर 2700 ते 3000 केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) मागा. बंद काचेच्या गोळ्यात एलईडी तापतो आणि आतलं सर्किट लवकर जातं, तिथे उघडं फिटिंग बरं. पावती जपा, बल्बच्या बुडाशी मार्करने तारीख लिहा. वॉरंटीत उडालेला बल्ब आपण आळसाने फेकतो.

आणि घरच्यांना सांगा, उतरवलेले तीन बल्ब फेकायचे नाहीत. परत त्याच खोक्यात ठेवा. बाथरूमचा उडाला की त्यातला लावा.