मराठवाड्यात लोक पक्ष बघून मत देतात की नेता बघून?

तुमचा प्रश्न नेता आणि पक्ष यांच्यातला आहे, पण मी परभणीकडचा, म्हणून आधी गावापासून सांगतो. ग्रामपंचायतीला पक्षाची निशाणी नसते, तिथं गट असतो. आणि गट बहुतेक वेळा भावकीतून पडलेला असतो. बांधावरून, नाहीतर सोसायटीच्या चेअरमनपदावरून. एक घर काँग्रेसचं म्हणून समोरचं सेनेचं, एवढं साधं. विचारधारा वगैरे नंतर चिकटते.

म्हणूनच नेत्यानं उडी मारली की खालचा माणूस अडकतो. ज्याच्याशी वीस वर्षं भांडला, त्याच्याच सतरंजीवर बसायचं? अशोक चव्हाण फेब्रुवारी २०२४ मध्ये भाजपमध्ये गेले, तरी नांदेडची लोकसभा काँग्रेसच्या वसंतराव चव्हाणांनी जिंकली.

आमच्या परभणीत १९९१ पासून १९९८ चा अपवाद सोडला तर लोकसभेला सेनाच. निवडून आलेले काही जण पुढं पक्ष सोडून गेले, मतदार नाही गेला. सेना फुटली आणि धनुष्यबाण शिंदेंकडं गेला, म्हणून २०२४ ला तर यंत्रावर बाणच नव्हता. लढत ठाकरेंच्या सेनेची मशाल आणि महायुतीच्या महादेव जानकरांची शिट्टी यांच्यात. आमच्या गल्लीतली एक म्हातारी चिठ्ठी हातात धरून बूथवरच्या पोराला विचारत होती, "आरं, बाण कुठंय?" पोरगं म्हणालं, "आजी, आता मशालच आपली." म्हातारी "बरं" म्हणून आत गेली. मशालीचे संजय उर्फ बंडू जाधव लाखाच्या वर मतांनी आले.

पण ही निष्ठा आंधळी आहे असं समजू नका. नांदेडची लोकसभा पोटनिवडणूक आणि विधानसभा, दोन्हींचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला एकाच बूथवर झालं. लोकसभेला काँग्रेस १,४५७ मतांनी आली आणि त्याच मतदारसंघातल्या सहाही विधानसभा महायुतीला गेल्या! वसंतरावांच्या निधनानंतर त्यांचा मुलगा उभा होता, त्याची सहानुभूती एका बटणावर. लाडकी बहीण आणि स्थानिक आमदार दुसऱ्या बटणावर, असं माझं मत.

जात यात नाही का? आहेच. २०२४ च्या लोकसभेला बीडमध्ये भाजपच्या पंकजा मुंडे साडेसहा हजारांनी पडल्या, तिथं मराठा-ओबीसी आरक्षणाच्या वादापुढं पक्ष मागं पडला. मात्र बीडचं गणित परभणीला लावायला जाल तर फसाल.