शर्यतीतला सुरुवातीचा गट कशावर ठरतो?

प्रश्न : माझी मुलगी फ्लोरिडात राहते. तेथील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये जानेवारीत होणाऱ्या अर्ध मॅरेथॉनसाठी तिने आम्हा दोघींची नोंदणी केली आहे. पूर्वी धावलेल्या शर्यतीच्या वेळेचा पुरावा द्या, असे अर्जात म्हटले आहे. मी रोज पहाटे विद्यापीठ परिसरात गोगाबाबा टेकडीच्या बाजूला धावते, परंतु अधिकृत शर्यत आजवर धावलेली नाही. पुरावा दिला नाही तर प्रवेश नाकारला जाईल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : प्रवेश नाकारला जाणार नाही. या पुराव्याचा संबंध प्रवेशाशी नसून आपण कोणत्या गटातून सुटणार याच्याशी आहे. या शर्यतीला दहा हजारांहून अधिक लोक उतरतात आणि मार्गाचा काही भाग थीम पार्कच्या आतून, अगदी सिंड्रेलाच्या किल्ल्याच्या कमानीखालून जातो. एवढा जमाव एकाच वेळी सोडला तर त्या अरुंद जागी रेटारेटी होईल. जायकवाडीचे पाणी कालव्याला पेलेल अशाच बेताने सोडतात, तसे येथे धावपटूंना गटागटाने आणि प्रत्येक गटातही छोट्या तुकड्या करून सोडले जाते. गटांना इंग्रजी अक्षरांची नावे असतात, आणि आपले अक्षर छातीवर लावायच्या क्रमांकपट्टीवर, म्हणजे बिबवर, छापलेले असते.

वेगवान धावपटू पुढच्या गटांत आणि सावकाश धावणारे किंवा चालणारे मागच्या गटांत, हे मूळ तत्त्व आहे. वेगाचा निवाडा आपल्या अंदाजावर सोडलेला नसून त्यासाठी एखाद्या अधिकृत शर्यतीचा नोंदलेला निकाल द्यावा लागतो; शर्यतीचे नाव, तारीख, अंतर आणि पूर्ण केल्याची वेळ कळवली की आयोजक ती प्रसिद्ध निकालांशी ताडून पाहतात. मनगटी घड्याळातील किंवा मोबाइलमधील सरावाची नोंद, तसेच घरबसल्या पूर्ण केलेली आभासी शर्यत, पुरावा म्हणून चालत नाही. पुरावा न देणाऱ्यांना शेवटच्या गटांत जागा मिळते, मग त्यांचा खरा वेग कितीही असो.

आता यात आपले नुकसान काय, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण बहुतेकांची समजूत येथेच अपुरी असते. निकालातील आपली वेळ मागे उभे राहिल्यामुळे वाढत नाही. बिबमधील चिप आपण सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासून वेळ मोजते. खरा फरक पडतो तो किमान वेगाच्या अटीमुळे. प्रत्येक धावपटूने मैलाला १६ मिनिटे, म्हणजे किलोमीटरला दहा मिनिटांपेक्षा किंचित कमी, हा वेग राखावा अशी अट आहे, आणि या मुदतीचे घड्याळ सर्वांत शेवटचा धावपटू रेषा ओलांडतो तेव्हापासून चालू होते. या हिशेबाने अर्ध मॅरेथॉनला सुमारे साडेतीन तास आणि पूर्ण मॅरेथॉनला सुमारे सात तास मिळतात. समजा, पहिला गट पहाटे ५ वाजता सुटला आणि शेवटचा धावपटू ५ वाजून ५० मिनिटांनी निघाला, तर शर्यत ९ वाजून २० मिनिटांपर्यंत पूर्ण करायची आहे. पहिल्या गटातील माणसाच्या हाती चार तास वीस मिनिटे राहतात; सर्वांत शेवटी निघालेल्याजवळ मात्र साडेतीन तासांपलीकडे एक मिनिटही शिल्लक नसते.

या शर्यतीत जागोजागी मिकी, गूफी यांसारखी पात्रे छायाचित्रासाठी उभी असतात, त्यांच्यापुढे रांगा लागतात, आणि रांगेत घालवलेला वेळ, तसेच स्वच्छतागृहासाठी थांबलेला वेळ, मुदतीतून वजा होत असतो. सर्वांत शेवटी हातात फुगे घेतलेल्या स्वयंसेविका ठरलेल्या १६ मिनिटांच्या वेगाने चालत असतात. त्यांच्या मागे पडलेल्यांना मार्गावरून बाजूला घेऊन बसने अंतिम रेषेजवळ नेले जाऊ शकते. म्हणूनच चालत-धावत जाणाऱ्या माणसाला पुढचा गट जितका उपयोगी, तितका तो वेगवान माणसालाही नसतो, हे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्यासाठी आमचा सल्ला असा की पुरावा सादर करण्याच्या मुदतीपूर्वी चिपद्वारे वेळ नोंदवणारी आणि निकाल ऑनलाइन प्रसिद्ध करणारी निदान दहा किलोमीटरची, शक्य असल्यास अर्ध मॅरेथॉनची एक शर्यत धावावी. कोणत्या अंतराचा निकाल ग्राह्य धरतात आणि तो किती जुना चालतो, हे त्या वर्षीच्या अर्जात वाचून घ्यावे; पाच किलोमीटरच्या निकालावर विसंबू नये. आपल्याकडे मार्चनंतर उन्हाचा जो तडाखा बसतो त्यात चांगली वेळ देणे कठीण असते, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या काळातील शर्यत निवडावी आणि पुढल्या जानेवारीसाठी तोच निकाल वापरावा. या जानेवारीपुरते मुदतीत ते जमले नाही, तर शेवटच्या गटातून धावण्याची मनाची तयारी ठेवून मैलाला १४ मिनिटांच्या वेगाचा सराव करावा, म्हणजे दर मैलामागे दोन मिनिटे हाताशी राहतील.

प्रश्न : मित्राने मला सुचवले की अर्जात वेळ थोडी कमी करून लिही, म्हणजे पुढचा गट मिळेल. असे अनेक जण करतात म्हणे. त्यात गैर काय?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : असे करू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. दिलेला निकाल तपासला जातो आणि तो जुळला नाही तर पुढचा गट मिळत नाही, हा झाला व्यवहार. त्याहून गंभीर बाब म्हणजे पुढच्या गटात सावकाश धावणारा माणूस आला की मागून वेगाने येणाऱ्यांना ऐन वेळी आडवेतिडवे होऊन वाट काढावी लागते, पहाटेच्या अंधारात पाय अडकून लोक पडतात, आणि पडणारा बहुधा आपला नियम पाळून धावणाराच असतो. सुरुवातीचा गट हा मान नसून सुरक्षिततेची व्यवस्था आहे. मुंबई मॅरेथॉनसह आपल्याकडील मोठ्या शर्यतींतही वेळेच्या प्रमाणपत्रावरून धावपटूंचे विभाग पाडतात, तेथेही हेच लागू आहे. दुसऱ्याच्या नावाचा बिब लावून धावणे हाही तितकाच गंभीर प्रकार आहे. डिस्नेच्या शर्यतींचे बिब हस्तांतरित करता येत नाहीत.

प्रश्न : मी आणि माझे वडील एकत्र धावू इच्छितो. माझ्याकडे चांगल्या वेळेचा निकाल आहे, वडिलांकडे नाही. आम्हाला एकाच गटात सुटता येईल का?
— एक वाचक, जालना

उत्तर : येईल, परंतु आपल्याला मागे जावे लागेल. पुढच्या गटातील धावपटूला मागील कोणत्याही गटात उभे राहता येते; मागच्याला पुढे जाता येत नाही, आणि प्रवेशद्वारावर स्वयंसेवक बिबवरील अक्षर पाहूनच आत सोडतात. वडिलांच्या सोबतीसाठी पुढच्या गटाची सवलत सोडताना आपल्या दोघांच्या हाती किती वेळ राहील याचा हिशेब आधी मांडून ठेवा, आणि छायाचित्रांसाठी कोठे थांबायचे तेही आधीच ठरवा. दोघांनीही आपापला बिब शर्यतीपूर्वी भरणाऱ्या प्रदर्शनात ओळखपत्र दाखवून स्वतःच घ्यायचा असतो, तेव्हा पासपोर्ट जवळ ठेवावा.